होडीला ब्रेक लावायला पनवेलला

पनवेलला कशाला गेला होता असं कुणी विचारलं आणि ‘होडीला ब्रेक लावायला’ असं मी सांगितलं, की विचारणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा मान डोलावतो, तेव्हा कुठे त्याला पटतं की बाईचं डोकं ठिकाणावर आहे. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना पनवेल म्हणजे मुंबईला जाताना गाडी चहाला थांबते ते गाव एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी. आम्हालाही तेवढंच ठाऊक होतं.

आमचं गाव सांगलीकडचं, कृष्णेच्या काठावरचं. नदी एरवी गुणाची, पण एखाद्या पावसाळ्यात ती घरात येते. मागच्या मोठ्या पुरात अख्खं गाव शाळेच्या गच्चीवर बसून बोटीची वाट बघत होतं. बोटी कमी आणि बुडालेली गावं पुष्कळ. पाणी उतरल्यावर आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं की गावाची स्वतःची बोट पाहिजे. शोधता शोधता उरणच्या एका कोळ्याची फायबरची होडी मिळाली, आणि ती वाहून आणायचा चाकांचा गाडा, म्हणजे ट्रेलर, पनवेलजवळ पळस्प्याच्या एका गॅरेजात मिळाला. आता पावसाच्या आत ती घाट चढवून गावात आणायची एवढंच उरलं होतं.

आणायची कुणी, हा खरा प्रश्न होता. पिकअप आहे माझ्या धाकट्या दिराची, बापू भावजींची. घाटातून गाडी न्यावी तर त्यांनीच. पण त्यांचं एक दुखणं आहे, आणि ते साऱ्या गावाला माहीत आहे. त्या पुरात ते वस्तीवरची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शाळेकडे आणत होते. शेवटच्या खेपेला शाळेच्या चढावर ट्रॉलीची पिन निखळली. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि उलटी घरंगळत पाण्यात गेली. आत वैरणीच्या पेंढ्यांवर शेजारचे धोंडूकाका बसले होते. उसाच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो, आमच्याकडे कुणाच्याच नसतो. काका सापडले ते बोट आल्यावर, आणि तोवर फार उशीर झाला होता.

भावजींना गावात कुणी एका शब्दानं बोललं नाही. काकांच्या बायकोनं, सोनाकाकूंनीसुद्धा नाही. पण तेव्हापासून भावजींनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली नाही. नांगरट करतील, पेरणी करतील, ट्रॉलीचं काम निघालं की दुसऱ्याचं नाव सांगतील. होडीचं विचारल्यावर म्हणाले, “मागच्या गाड्याला सोताचा ब्रेक असंल तर येतो वैनी. नसंल तर मला इचारू नका.”

म्हणून मी आणि भावजी, आम्ही दोघं पनवेलला गेलो.

करंजाडे

उतरलो भाचीकडे. तिचा फ्लॅट करंजाड्यात, इतक्या उंच मजल्यावर की लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. खिडकीतून बघते तर समोरचा डोंगर विमानतळासाठी फोडून अर्धा गायब, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा. मी ‘अगं बाई’ म्हणून मागे सरले तोच डोक्यावरून विमान गेलं, एवढं खालून की मी पटकन वाकले. भाची हसून लोळायची बाकी राहिली. “आत्या, ते आपल्या घरात नाही येत,” म्हणाली.

सकाळी दुसरा धक्का. शेजारणीनं गरम तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पाठवली. जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. सकाळी न्याहारीला मासळी! आमच्याकडे सकाळच्या पारी मासळीचं नाव काढलं तर घरातली माणसं तापबीप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघतील. भावजींनी आधी वास घेतला, मग एक घास खाल्ला, मग शेजारणीला अजून आहे का हे विचारायला मलाच पाठवलं. मी लाजेनं अर्धी झाले, पण गेले. तिनं डबा भरून दिला.

पळस्पे

पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो. तिथं उभं राहिलं की वाटतं, सगळ्या महाराष्ट्राचं सामान इथूनच कुठे ना कुठे निघालेलं आहे. एकेका कंटेनरच्या ट्रेलरला इतकी चाकं की मी मोजायचं सोडून दिलं. आमची पिकअप त्यांच्यामध्ये शिरली तेव्हा ती मला पहिल्यांदाच लहान दिसली.

गॅरेज दामूशेठ पाटलांचं. इथलेच आगरी, जाडजूड माणूस, गळ्यात जाड साखळी, आवाज तर हायवेच्याही वर. चहा येण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं की बंदरातले निम्मे ट्रेलर त्यांच्या हातून गेलेले आहेत.

“वैनी, आमी चालीस फुटी ट्रेलरचा ब्रेक करतो. ह्यो तर खेलना हाय! टेन्शन नाय घ्यायचा.”

मी टेन्शन घेतलं नाही. ते नंतर आपोआप आलं.

आमचा ट्रेलर बंद पडलेल्या कुठल्याशा बोट क्लबचा होता, परदेशी बनावटीचा. त्याचे ब्रेक विजेवर चालतात हे ऐकून मी गारच पडले. चाकाच्या आत ड्रम असतो, ड्रममध्ये लोहचुंबक. पिकअपमधून वायरीनं वीज आली की लोहचुंबक ड्रमला चिकटतो आणि ब्रेक धरतो. म्हणजे उद्या घाटात आमचा जीव वायरींच्या एका जुडग्यावर! आमच्या गावात वीज कधी येते आणि कधी जाते हे देवालाही सांगता येत नाही, आणि मी विजेच्या भरवशावर घाट चढणार होते. भावजींनी ट्रेलरखाली पथारी पसरली आणि दामूशेठच्या माणसांबरोबर तेही आत शिरले.

वायरिंग झालं. मागे दिवे बघायला मला उभं केलं. भावजींनी ब्रेक दाबला तर ट्रेलरचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणले. डावा इंडिकेटर दिला तर ब्रेकचा दिवा लुकलुकायला लागला. हेडलाइट लावले तर सगळेच विझले. मी मागून ओरडून सांगायचे आणि दामूशेठ पुढून ओरडायचे, “असा होतच नाय!”

“होतंय हो! माझ्या डोळ्यांसमोर होतंय!”

त्यांनी आधी दोष पिकअपला दिला, मग ट्रेलर बनवणाऱ्या देशाला, मग पनवेलच्या खाऱ्या हवेला. शेवटी हवेचंच खरं निघालं. विजेची परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, त्यांनी ट्रेलरच्या लोखंडातूनच घेतली होती, आणि जोडाच्या जागी ग्रीस होतं, ग्रीसखाली गंज. वीज बिचारी जाणार कुठून? दामूशेठनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, आपल्याच माणसांना चार शिव्या दिल्या, मला ‘वैनी, कान बंद करा’ म्हणाले आणि मग अर्थिंगची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. मग दिवे जसे लागायला हवे होते तसे लागले. मी टाळ्या वाजवल्या.

पिकअपच्या डॅशबोर्डखाली एक छोटी डबी बसवली होती. तिच्यावर एक चकती, ब्रेक किती जोरात धरायचा ते ठरवायला, आणि एक खटका. खटका दाबला की पिकअपचा ब्रेक लागत नाही, एकट्या ट्रेलरचा लागतो. सर्व्हिस रोडवर फेरी मारायला निघालो. भावजी चालवायला, मी मध्ये, दामूशेठ दाराशी. गाडीनं जरा वेग घेतला आणि दामूशेठनी न सांगता खटका दाबला.

कुणीतरी मागून मानगूट धरून मला ओढलंय असं वाटलं. माझी जीभ दातांखाली आली, मांडीवरचा चहाचा कप भावजींच्या गुडघ्यावर, आणि मागे चाकं किंचाळली. दामूशेठ एकटेच खूश. “धरला का नाय?” मी त्यांना काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. चकती पूर्ण फिरवून ठेवलेली होती आणि ट्रेलर मोकळा होता. होडी चढवल्यावर पुन्हा जुळवून घ्यायची, असं ते म्हणाले आणि चकती खाली आणली.

भावजी मात्र उतरून मागे गेले होते. रस्त्यावर चाकांचे दोन काळे पट्टे उमटले होते. ते तिथं उकिडवे बसून त्या पट्ट्यांवर बोट फिरवत राहिले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, “आणि पिन निघाली तर?”

मला माहीत होतं ते हे विचारणार.

दामूशेठना काहीच माहीत नव्हतं. ते उत्साहानं ट्रेलरच्या तोंडापाशी आले. तिथं एक काळी पेटी होती, आत छोटी बॅटरी. पेटीच्या बाजूला एक लहानशी पिन बसवलेली आणि तिला पोलादाची बारीक तार. तारेचं दुसरं टोक पिकअपच्या हुकात. “समजा ट्रेलर गाडीपासून सुटला. तार ताणली, ही पिन बाहेर आली, का ह्या बॅटरीनं ब्रेक आपोआप लागतो. गाडी गेली पुढं, ट्रेलर जागेवर.”

भावजींचा चेहरा पांढरा झाला. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढीशी तार! करंगळीएवढी पिन! जगात असं काही असतं आणि आमच्या ट्रॉल्यांना ते नाही, याचा मला असा राग आला की कुणावर काढावा कळेना.

“खरंच थांबतंय?” भावजींनी विचारलं.

“थांबतंय म्हंजे काय! थांबलाच पायजे.”

“तुमी बगितलंय थांबलेलं?”

“नाय बा,” दामूशेठ म्हणाले. “देवानं बगायची पाली नाय आनली.”

भावजींना तिथल्या तिथं पिन ओढून बघायची होती. पण पेटीतली बॅटरी कोरी होती, ती चार्जिंगला लावावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी ती भरून मिळाली तेव्हा उरणहून होडीवाल्या नाखव्यांचा फोन आला की भरती आहे तोवर या, ओहोटीत होडी चिखलात बसते. निघालो. पिन ओढून बघायची राहिलीच.

उरण

उरणच्या खाडीकाठी नाखव्यांचं घर. हरिश्चंद्र नाखवा म्हणजे उन्हानं काळवंडलेला उंच म्हातारा, गुडघे गेलेले. दोन मुलं बंदरात नोकरीला लागली, त्यांना होडी नको होती. फिरायला येणाऱ्यांसाठी ती मागायला पुष्कळ जण येऊन गेले होते, त्यांना नाखव्यांनी दारातूनच परत पाठवलं. आम्ही पुराचं सांगितलं तेव्हा फोनवरच ‘या’ म्हणाले होते. त्यांची बायको जनाबाई. नाकात मोती, आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल.

“बाय, तुमच्याकडं समुंदर नाय?” तिनं मला विचारलं.

“नाही हो.”

“मग सकाळी उठून बगता काय?”

ऊस बघतो, मी म्हणाले. तिनं माझी अशी कीव केली की लगेच पानावर बोंबलाचं कालवण वाढलं. तिखट म्हणजे माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. आमच्याकडचं तिखट जिभेला लागतं, यांचं थेट टाळूत जातं. भावजी तीन भाकऱ्या जेवले आणि वर सोलकढी प्याले.

जेवणाआधीच पाड्यातल्या माणसांनी होडी उचलून ट्रेलरवर ठेवली होती. खाऱ्या पाण्यात चाकं घालायची नाहीत, ब्रेक जातील, असं दामूशेठनी बजावलं होतं. ते ऐकून ही माणसं हसली आणि त्यांनी होडी सरळ खांद्यांवर घेतली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर होडी ट्रेलरवर.

आम्ही निघायला उठलो तेव्हा नाखवा म्हणाले, “थांबा. अशी नाय जायाची ती.”

मग त्यांनी आपल्या घरची रीत सांगितली. होडी विकली तरी ती घरातून गाडीमागे बांधून जात नाही. घरच्यांनी आणि पाड्यातल्यांनी दोर धरायचा, तिला विचारायचं, ‘जातीस का?’ आणि हातांनी ओढून रस्त्यापर्यंत न्यायची. हलली म्हणजे राजीखुशीनं निघाली. हलली नाही तर तिच्या मनात जायचं नाही. मग व्यवहार तिथंच मोडायचा, आणि तिला पुन्हा कधी विचारायचं नाही.

“कधी हलली नाही असं झालंय?” मी विचारलं.

“आजाच्या टायमाला एकदा,” जनाबाई म्हणाली. “ती होडी आमच्याच दारात मोडली. पन ती वाळूवर होती. ही तर चाकावर हाय. चाकावर कोन बी हलंल!” आणि ती हसली. मीही हसले.

आम्ही हात धुवेपर्यंत पाड्यातल्या पोरांनी ट्रेलर पिकअपपासून सोडवला. वायरीचा प्लग काढला, जोड उघडला. भावजींना म्हणाले, गाडी वर रस्त्याला घ्या. भावजींनी गाडी पुढे घेतली. दोर बांधला गेला. बायका, पुरुष, सगळे दोराला लागले. नाखव्यांनी होडीच्या नाकाडावर हात ठेवला, हळदकुंकू लावलं आणि हळूच विचारलं, “जातीस का?”

सगळ्यांनी एका सुरात आरोळी देऊन ओढलं. होडी हातभर सरकली आणि थांबली.

पुन्हा जोर लावला. दोर ताठ झाला, माणसं मागे कलली, पायांखाली वाळू उडाली. होडी हलेना. पुढची आरोळी अर्ध्यातच विरली. एकेकानं दोर सोडला. जनाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि मोठ्यानं रडायला लागली. “नाय जायाचा तिला! मी बोलले होते, नाय जायाचा तिला!”

मी नाखव्यांकडे बघितलं. ते खाली बसले होते. “ताय, माफ करा,” म्हणाले. “होडी नाय देता येत.”

मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला नाही. मला खरंच वाटलं की होडी जात नाहीये. चाकावरची, दोन माणसांनी ढकलली तर जाईल अशी होडी, इतक्या जणांचं ऐकत नाही म्हणजे काय? अंगावर काटा आला. पाऊस तोंडावर आलेला, आणि मी गावात जाऊन बायकांना काय सांगणार होते? होडीनं नाही म्हटलं?

तेवढ्यात रस्त्यावरून भावजी खाली आले. त्यांनी होडीकडे बघितलं नाही, चाकांकडे बघितलं. चाकं फिरलीच नव्हती, वाळूत त्यांचे दोन चर पडले होते. ते तसेच वळले आणि धावत पिकअपकडे गेले. मागच्या हुकात ती बारीक तार लोंबकळत होती, आणि तारेच्या टोकाला पिन. पोरांनी सगळं सोडवलं होतं, तार तेवढी राहिली होती. गाडी पुढे गेली तशी पिन ओढली गेली, आणि ट्रेलरनं आपला ब्रेक आपण लावून घेतला होता.

मी त्यांना गाठलं तेव्हा ते पिन मुठीत घेऊन उभे होते. “भावजी, लावा की लवकर! व्यवहार मोडतोय!”

“थांबा वैनी.” त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. ते होडीपाशी आले, चाकाजवळ गुडघ्यांवर बसले, टायरवर तळवा ठेवला आणि ओरडले, “ओढा! आणखी एकदा ओढा!”

माणसं चक्रावली. नाखवा म्हणाले, “दादा, दुसऱ्यांदा इचारत नाय तिला.”

“इचारू नका. नुसतं ओढा. जीव लावून ओढा!”

त्यांच्या तोंडाकडे बघून असेल, लोकांनी दोर उचलला आणि खरंच जीव लावून ओढलं. चाक वाळू खरवडत वीतभर गेलं, फिरलं मात्र नाही. भावजी टायरवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “थांबतंय,” म्हणाले. “वैनी, थांबतंय हो!”

सगळे आमच्याकडे बघत होते. वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसे.

मग भावजींनी मूठ उघडून पिन दाखवली आणि तारेचं सगळं सांगितलं. आणि त्यांना थांबता आलं नसावं, कारण पुढे शाळेचा चढ सांगितला, ट्रॉली सांगितली, धोंडूकाका सांगितले. घरात आम्ही इतकी वर्षं ज्या विषयाच्या कडेकडेनं चालत होतो तो त्यांनी परक्या माणसांसमोर, खाडीकाठी, भरदुपारी बोलून टाकला. मी तोंडाला पदर लावून उभी होते.

नाखव्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कुटं गावला म्हातारा?”

“पुलाखाली. बाभळीत.”

“आन् बोट?”

“मागनं आली.”

पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसांना याहून जास्त सांगावं लागत नाही. पण नाखव्यांचा चेहरा उतरलेलाच होता. “दादा, तुमचा खरा हाय,” ते म्हणाले. “पन रीत ती रीत. इचारलं, आन् ती हलली नाय.”

तेव्हा जनाबाईनं डोळे पुसले आणि नवऱ्यावर ओरडली, “कोनाला इचारलं? तिचं पाय बांधलेलं व्हतं! पाय बांधून कोनाला इचारतात, जातीस का? तुमी तारेला इचारलं. होडीला अजून कोनी इचारलाच नाय!”

नाखवा तिच्याकडे बघत राहिले. बाकीचेही.

ते काठी टेकत उठले. “पिन लावा,” म्हणाले.

भावजींनी पिन पुढे केली, पण जनाबाईनं ती त्यांच्या हातातून घेतली. पेटीतली जागा विचारली आणि स्वतःच्या अंगठ्यानं आत बसवली. नाखव्यांनी पुन्हा होडीच्या नाकाडावर हात ठेवला. “जातीस का?”

होडी एवढ्या हलक्यानं निघाली की दोराला लागलेली पुढची माणसं एकमेकांवर पडली. कुणी हसलं, कुणी रडलं, मी दोन्ही केलं. जनाबाई होडीला हात लावून रस्त्यापर्यंत मागे मागे चालत आली. पिकअपला ट्रेलर जोडताना भावजींनी कुणाला हात लावू दिला नाही. जोड, कुलूप, प्लग, तार, सगळं दोनदा बघितलं.

निघताना नाखवा खिडकीपाशी आले. “पुराचं पानी गोडं असतं,” म्हणाले. “तिला सवय नाय. सांबाळून घ्या.”

घाट

पळस्प्याला थांबून दामूशेठकडून चकती जुळवून घेतली. उरणची हकिगत ऐकून त्यांचा आ वासला तो मिटेना. “म्हंजे खरंच लागला?” असं ते स्वतःच्याच कामाबद्दल विचारत राहिले, आणि मला पुन्हा धडकी भरली. येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरला थांबवून ते सांगत होते, अख्ख्या कोळीवाड्याला ओढवला नाय माझा ब्रेक!

घाटात पुढचा ट्रक चढावरच बंद पडला. आमच्या मागे रांग, पुढे ट्रक, खाली दरी. भावजींनी शांतपणे पिकअपचा ब्रेक दाबला आणि डबीवरचा खटका धरून ठेवला. मागे होडी एक बोटभरही सरकली नाही. “खावा वैनी,” म्हणून त्यांनी जनाबाईनं दिलेला सुक्या मासळीचा डबा माझ्याकडे सरकवला, आणि भर घाटात, तसल्या उभ्या चढावर, मी बोंबील खाल्ला. पनवेलनं माझी एवढी सुधारणा केली.

गाव

होडी आली तेव्हा सगळं गाव शाळेपाशी जमलं होतं. बायकांनी ओवाळलं, पोरं आत चढून बसली, नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. गर्दी पांगल्यावर सोनाकाकू आल्या. त्या कुणाच्या आनंदाच्या जागी लगेच येत नाहीत. भावजी पिकअपपासून सोडवून, चाकांना दगड लावून ठेवलेल्या ट्रेलरपाशीच उभे होते. काकूंना बघून ते नेहमीसारखे बाजूला झाले नाहीत.

“काकू,” ते म्हणाले, “ही तार वडा.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तार ओढली. पिन बाहेर आली. “आता ढकला,” चाकांचे दगड काढत भावजी म्हणाले.

काकूंनी एका हातानं ढकललं. मग पदर खोचला आणि दोन्ही हात लावून, पाय रोवून ढकललं. शाळेचा तोच चढ, होडी तोंड वर करून उभी, आणि काकू तिला खालून वर नाही, वरून खाली ढकलत होत्या, नदीकडे. होडी जरा सरकली आणि घट्ट उभी राहिली.

काकू धापा टाकत थांबल्या. वाकून त्यांनी टायरला हात लावून बघितला.

“थांबती की रं,” म्हणाल्या.

भावजींनी दगड पुन्हा चाकांना लावले. काकूंनी पिन पदरानं पुसली, चाचपून तिची जागा शोधली आणि आत बसवली.

“असली तुज्या ट्रॉलीला बसवून घे बापू,” त्या म्हणाल्या. “आन् ट्रॉली जोड आता. माज्या रानात खत टाकायचं ऱ्हायलंय, पाऊस यायच्या आत.”